उंबऱ्यावरचा चिखल

पुस्तकाचं नाव लिहायचं नाही, असं वहिनींनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. त्यांचं म्हणणं, एका माणसाला कंपनीच्या बसमध्ये बसून आवडलं नाही म्हणून लिहिणाऱ्या बाईचं नाव कशाला खराब करायचं? तर नाव नाही. इंग्रजी कादंबरी आहे, अलीकडची, जाडजूड, पुतणीनं पुण्याहून आणलेली. एका पोरीला भिंतीत दार सापडतं आणि दारापलीकडं दुसरं जग. असल्या गोष्टींचा मी लहानपणापासूनचा गिऱ्हाईक. भा. रा. भागवतांची ‘जाईची नवलकहाणी’, म्हणजे मराठी होऊन आलेली ॲलिस, मी शाळेत असताना इतक्यांदा वाचली की पुस्तकाची शिवण सुटली. त्यामुळं कथेत दार दिसलं की मी चपला काढून तयारच असतो.

चाकणला एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. इंदुरीहून बस पकडायची, रस्ता मोकळा असेल तर एक पेंग काढेपर्यंत कंपनी येते. रस्ता सहसा मोकळा नसतो, म्हणून वाचन होतं. तीन आठवडे वाचलं आणि २१२ व्या पानावर पुस्तक मिटलं. आत बसचा पास खुणेला ठेवला तो अजून तिथंच आहे.

नोव्हेंबरातला रविवार होता. भात झोडून, उफणून झालं होतं. यंदाचा पहिला इंद्रायणी तांदूळ गिरणीतून भरडून आला होता आणि वहिनी ओट्यावर सूप घेऊन पाखडत बसल्या होत्या. त्या तळेगावातल्या एका शाळेत मराठी-संस्कृत शिकवतात. माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी पाहिलं.

“संपलं का हो भावजी?”

“ते नाही संपलं. मी संपलो.”

“झालं! काय खुपलं?”

“तुम्हाला आवडलंय ना, मग मी काही बोलत नाही.”

“बोला की. सासूला घाबरण्याचं वय माझं गेलं, दिराला घाबरण्याचं तर कधी आलंच नव्हतं.”

मग मी सांगितलं. ती पोरगी दारातून पलीकडं गेली हे मला मागं पानं उलटून शोधावं लागलं. वाचताना कळलंच नाही. कारण दाराच्या अलीकडं चांदणं मधासारखं ओघळत होतं, पलीकडं गेल्यावरही मधासारखंच ओघळायला लागलं. अलीकडं घराचा जिना उसासे टाकत होता, पलीकडं पूल उसासे टाकायला लागला. पोरीच्या आत्याच्या आवाजात जुन्या पत्रांचा वास, पलीकडच्या म्हातारीच्या आवाजातही जुन्या पत्रांचाच.

“मग मी गेलो कधी?” मी विचारलं. “पाचशे रुपयांचं तिकीट काढून गाडीत बसलो आणि उतरलो तर तळेगावच.”

वहिनी हसल्या. “मला कळलं होतं ती कधी गेली ते.”

“कसं?”

“तुम्हाला फाटकावर वॉचमन लागतो, भावजी. गेटपास, वेळ, सही. तिथं वॉचमन नव्हता एवढंच.”

हे लागलं. कारण ते खरं आहे. दिवसभर मी माप घेतो. अमुक इतकी जाडी, अमुक इतकी सूट, त्याच्या बाहेर गेलं की लाल खडू. पुस्तकातही मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, प्रत्येक उपमेला एक टिंब. टिंबांनी समास भरला तेव्हा पेन्सिल ठेवून दिली. पण मला उपमांचं वावडं नाही. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तली ‘इस्किलार’ घ्या, तिथं पानापानावर प्रतिमा आहेत. तरी माणूस तिथं गेला की गेल्याचं कळतं. प्रतिमेला तिथं वजन आहे. हे मी वहिनींना म्हटलं.

“जीएंना मध्ये आणू नका. त्यांना पुढं केलं की सगळेच गप्प होतात, तो काही वाद नव्हे.” त्यांनी सूप आपटलं. “मी हे पुस्तक कुठं वाचलं माहितीये?”

माहीत होतं. गेल्या पावसाळ्यात आई दवाखान्यात होती. रात्रीची पाळी वहिनींची.

“अकरा रात्री. नळीतून थेंब पडायचा आणि मी एक ओळ वाचायची. पुढं काय होणार, असं वाटायला लावणारं पुस्तक मला त्या खोलीत नकोच होतं. पुढं काय होणार याचीच तर धास्ती होती. तुम्हाला दाराच्या पलीकडं जायचं होतं, मला दाराशी नुसतं उभं राहायचं होतं. एका वाक्यावर दहा मिनिटं थांबता येईल, असं काहीतरी. तुमच्या त्या उसासे टाकणाऱ्या जिन्यावर मी बसले होते, भावजी.”

यावर काय बोलणार. मी सुपातले चार दाणे उचलून तोंडात टाकले.

“आणि तुमचं हे सारखं ‘फोलपट काढा, फोलपट काढा’,” त्या पुढं म्हणाल्या, “आपण तांदूळ करून ठेवतो का वर्षभराचा? भातच ठेवतो ना कणगीत. तुसाच्या आत दाणा टिकतो. लागेल तसा गिरणीत न्यायचा.”

“पण खाताना तूस काढतो.”

“खाताना. साठवताना नाही.”

हे उत्तर मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. फक्त एवढंच म्हणेन की त्या पुस्तकात मी दाणा शोधत होतो आणि पोतं बरंच मोठं होतं.

उन्हं कलल्यावर वहिनी कडजाईला निघाल्या, मीही बरोबर गेलो. आमच्या गावची ही एक गंमत आहे. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी म्हणजे इंदुरीचा किल्ला, खाली इंद्रायणी. दरवाजा असा उभा आहे की बघणाऱ्याची मान वर जाते, दोन्ही अंगांना बुरूज. आत शिरलात की वाडा नाही, सदर नाही, कडजाईचं देऊळ आहे आणि मोकळं आभाळ. लहानपणी आम्हा पोरांची खात्री होती की इथून एक भुयार निघतं. कुठं निघतं यावर मारामाऱ्या व्हायच्या. गढी म्हटली की भुयार आलंच, महाराष्ट्रात बिनभुयाराची गढी कुणी पाहिली आहे का?

वहिनी दरवाजात थांबल्या. “हे घ्या. एवढं नटलेलं दार आणि आत काही नाही. तरी दर रविवारी येता की.”

“दगडाला हात लावता येतो, वहिनी.”

“हात लावण्यावर फार भिस्त आहे तुमची. बरं, मला सांगा, आपण नॉव्हेलला काय म्हणतो?”

“कादंबरी.”

“का म्हणतो?”

मी गप्प. परीक्षेला बसल्यासारखं झालं.

“हिंदीवाले उपन्यास म्हणतात, गुजराती नवलकथा म्हणतात. आपण आणि कानडी लोक कादंबरी म्हणतो. कादंबरी हे बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. सातव्या शतकातला हर्षाच्या दरबारचा कवी, वाक्यं लिहायचा ती पानपानभर, विशेषणावर विशेषण, क्रियापदाची वाट बघत बसावं. म्हणजे आपल्या भाषेनं या अख्ख्या साहित्यप्रकाराचं बारसं केलं तेच सगळ्यात नटव्या पुस्तकावरून. तुम्ही लिहिणारीला नावं ठेवताय, ती तर घराण्याच्या रिवाजानंच चाललीये.”

“पण बाणभट्टाच्या गोष्टीत दार कुठंय?”

“दारच आहे!” त्या देवळाच्या पायरीवर टेकल्या. वर्गात शिकवतात तसा त्यांचा आवाज झाला. “चंद्रापीड राजपुत्र शिकारीला निघालाय. त्याला किन्नरांचं जोडपं दिसतं. त्यांच्या मागं घोडा सोडतो, सैन्य मागं राहतं, किन्नर डोंगर चढून दिसेनासे होतात. हा एकटा. ना वाट माहीत, ना माणूस. स्वतःला आणि घोड्याला पाणी हवंय. शोधता शोधता अच्छोद सरोवर लागतं, काठावर महादेवाचं देऊळ, तिथं वीणा वाजवणारी महाश्वेता. तिथून पुढं गंधर्वांचं राज्य आणि कादंबरी. माणसाच्या जगातून गंधर्वांच्या जगात! तुमच्या त्या भिंतीतल्या दारापेक्षा हे काय वेगळं आहे? आणि गोष्ट सांगतोय कोण, तर एक पोपट, राजाच्या दरबारात आणलेला. गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी गोष्ट. बाणाच्या हातून पुरी झाली नाही, मुलानं पुढं नेली.”

“सरोवर सापडलं कसं त्याला?”

“हत्तींमुळं. डोंगरातले हत्ती नुकतेच डुंबून गेलेले असतात. त्यांच्या पायांनी वाटेवर ओला चिखल झालेला, तोडलेली कमळाची देठं पडलेली. त्या चिखलाचा माग काढत…”

“थांबा. चिखल?”

“हो.”

“बाणभट्टानं चिखल लिहिलाय?”

“लिहिलाय. त्या चिखलालाही चार विशेषणं लावलीत, काळजी करू नका.”

“चार लावू दे नाही तर चाळीस. चिखल आहे ना! वहिनी, तेच म्हणतोय मी. माणसाला तहान लागलीये, घोडा दमलाय, वाटेवर हत्तीच्या पायाचा ओला चिखल आहे आणि त्याच्या पलीकडं गंधर्व. आता कुठं गेलो हे मला कळलं. त्यानंतर त्यानं वीणेवर दहा पानं लिहिली तरी मी बसमध्ये वाचीन.”

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. आपलंच माप आपल्यावर उलटलं की शिक्षक जसा बघतो, तसं. “दहा पानं तुम्ही वाचणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण मुद्दा घेतला.”

इथं थोडं विषयांतर करतो, कारण हा वाद आमच्या ओट्यावर सुरू झालेला नाही. मराठीत सुरुवातीच्या कादंबऱ्या आल्या तेव्हाच हा रस्ता फुटला होता. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, विधवांच्या हालांवरचं, जमिनीवर चालणारं. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचकाचे पाय जमिनीवरून सुटले. पाठोपाठ हळब्यांचीच ‘रत्नप्रभा’. अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याच सुमारास मराठीत आणत होते. म्हणजे हवाच तशी होती. या ओळीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘मंजुघोषा’चा कर्ता नारो सदाशिव रिसबूड. १८६८ च्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं जे कबूल केलं, तसं प्रांजळ बोलणं लेखकांकडून क्वचित ऐकायला मिळतं. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा: आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळं आणि आणखी काही कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात मन ओढून घेतील असे ना दुर्गुण दिसतात ना गुण, रोजच्या अनुभवातलं लिहावं तर त्यात रंगण्याजोगं काही नाही, म्हणून करमणुकीचं पुस्तक करायचं तर अद्भुताकडं वळण्यावाचून गत्यंतर नाही.

हे मी वहिनींना सांगितलं ते त्यांना चेपायला. म्हटलं, “बघा, घरात काही सापडेना म्हणून बाहेरचं दार काढलं. आणि पुढं वीस-बावीस वर्षांत हरिभाऊ आपट्यांनी त्याच घरात जाऊन ‘पण लक्षांत कोण घेतो!’ लिहिली. ‘करमणूक’ १८९० ला सुरू झाला, त्यात ती येत गेली. पुण्यातलंच घर, लग्नाच्या त्याच चालीरीती. रिसबूडांना जिथं काही रंगण्याजोगं दिसलं नाही तिथं यमू बसलेली होती. तिच्या बोलण्यात एक अलंकार नाही. घरातली पोर बोलते तसं बोलते.”

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नदीवरून वारा येत होता.

“यमूचं पुस्तक मी दहावीत वाचलं,” त्या म्हणाल्या. “रडले. रात्री जेवले नाही. पण भावजी, हरिभाऊंनी ते घर दाखवलं ते दारं लावून घेऊन. तिला जायला वाट ठेवली नाही. खरंच नव्हती, कबूल. पण वाचून रडू आलं, पुढं जायचं कुठं? त्या काळात यमूसारखी एखादी, चोरून, दिव्याशी बसून ‘मंजुघोषा’ वाचत असेल तर तिला काय म्हणाल? रिसबूडांच्या राजवाड्यात तिला तासभर बसू द्या की. तिथल्या पलंगाला चार विशेषणं जास्त असली म्हणून काय बिघडलं?”

हे बोलणं आमच्या घरातल्या माणसाचं होतं आणि याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तरी माझं घोडं मी पुढं दामटलंच, वादात माणूस तसंच करतो.

“आजी आपल्याला तळ्याची गोष्ट सांगायची,” मी म्हटलं. “भांड्यांची.”

ही गोष्ट वाचकांनीही आपापल्या गावी ऐकली असेल. महाराष्ट्रात कितीतरी तळ्यांच्या आणि किल्ल्यावरच्या टाक्यांच्या नावावर ती सांगतात. घरात लग्न निघालं, भांडी नाहीत. तळ्याच्या काठी जाऊन हात जोडून मागायची. सकाळी पाण्यावर भांडी तरंगत आलेली. काम झालं की घासून परत सोडायची. एकानं एक भांडं ठेवून घेतलं. तेव्हापासून तळं देत नाही. संपली गोष्ट.

“यात दार आहे, पलीकडचं जग आहे, व्यवहार आहे, दगा आहे आणि शिक्षा आहे. एक विशेषण नाही. आजीनं पलीकडं कोण राहतं तेही कधी सांगितलं नाही. मी तरी तीस वर्षं तळ्याच्या तळाशी बघतोय.”

“तुम्ही बघताय, कारण आजी तुमच्या केसांतून हात फिरवत सांगायची. तो हात विसरलात. पुस्तकाला हात नसतो, तो लिहिणारीनं शब्दांतून काढायचा असतो.”

समोर भंडारा डोंगर काळा पडत चालला होता. तुकोबा तिथं जाऊन बसत. देहूहून ते सदेह वैकुंठाला गेले, ही आमच्या पंचक्रोशीतली दुसऱ्या जगात जाण्याची सगळ्यांत मोठी गोष्ट. ती गावातल्या म्हाताऱ्या कशी सांगतात ते मी वहिनींना आठवायला लावलं. बुवा घरी विचारायला आले, येतेस का. आवली म्हणाली, मला दिवस गेलेत, पोरं आहेत, दावणीला म्हैस आहे, कशी येऊ. गोष्ट सांगणारी बाई विमान कसं होतं यावर एका वाक्यापलीकडं रेंगाळत नाही, म्हशीवर मात्र थांबते.

“तुमचा चिखल तो तिची म्हैस,” वहिनी म्हणाल्या.

“तेच.”

“आणि जात्यावरच्या ओव्या? त्यात चंद्र-सूर्य, सोन्याचे पाट, रुप्याच्या घागरी. घरात पितळेची धड घागर नसायची आणि बाई रुप्याची गाते. ते जादा झालं म्हणून टिंब देणार का तुम्ही?”

“तिचा हात जात्यावर असतो, वहिनी. खाली पीठ पडत असतं.”

“आणि माझा त्या रात्री आईंच्या मनगटावर होता.”

परतताना आम्ही नदीच्या अंगानं आलो. कुंडमळ्याला या नदीनं खडकात रांजणाएवढे खळगे पाडलेत. भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि खडक आतून कोरत जातात. आजी म्हणायची तिथं आसरा राहतात, भरदुपारी एकट्यानं जायचं नाही. २०२५ च्या १५ जूनला, रविवारीच, तिथला लोखंडी पूल पडला आणि चार माणसं गेली. त्या दिवसापासून वहिनी नदीकडं बघताना बोलत नाहीत. मीही बोलत नाही. तिथं आमच्या दोघांच्या भाषेत काही फरक नाही.

ओट्यावर आल्यावर त्यांनी पुस्तक उचललं, माझा पास पडू न देता मिटलं. “शेवट सांगू?”

“नको.”

“म्हणजे पुढं वाचणार!”

“वाचीन. पण घरी, रात्री. बसमध्ये नाही.”

“शेवटाच्या आधी एक जागा आहे,” त्या म्हणाल्या. “तिचा एक बूट पलीकडं राहतो. उजव्या पायाचा. तिथं एकही उपमा नाही. बघा तुम्हाला पटतंय का.”

अजून मी तिथवर पोचलेलो नाही. माझं मत सध्या तरी आहे तेच आहे: पहिली दोनशे पानं गोड झालीत आणि लिहिणारीला दाराची चौकट सजवताना उंबरा घालायचा राहिलाय. बूट सापडला तर एक टिंब खोडीन, सगळी नाही.

पुस्तक आमच्या ओट्यावरच्या फळीवर आहे. इंदुरीत कुणाला हवं असेल तर वहिनींकडून मागून न्यावं. त्या वहीत नाव आणि तारीख लिहून घेतात. वाचून झालं की परत मात्र आणून द्यावं, खुणेच्या पासासकट.